चौऱ्याहत्तर ठोके

खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या त्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, पण गर्दी लग्नाच्या वरताण होती. दाराशी चपलांचा ढीग, आत सतरंज्यांवर माणसं, आणि जवळजवळ प्रत्येक बाईच्या मांडीवर एक तान्हं मूल. एवढी मुलं एका छपराखाली आली म्हणजे खरं तर कलकलाट व्हायला हवा. पण इथली पुष्कळशी मुलं रडतच नव्हती. रडायलाही दम लागतो.

व्यासपीठावर, जिथे एरवी नवरा-नवरी बसतात त्या लाल कोचावर, श्रीस्पंदननाथ महाराज बसले होते. पन्नाशीचे, तुकतुकीत, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांचा दरबार गुरुवारी नसे, रविवारी असे. भक्तांत हिंजवडीची माणसं फार, आणि त्यांना गुरुवारी रजा मिळत नाही. शेजारच्या टेबलावर एक यंत्र होतं. हॉस्पिटलात असतं तसंच, पायाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं.

"मी अंगारे-धुपारे करणारा बाबा नाही," महाराज ध्वनिवर्धकातून म्हणाले. "विज्ञानाचं युग आहे. यंत्र बोलेल, मी गप्प बसेन." आणि एवढं सांगून ते पाऊण तास बोलले. प्रत्येक हृदयात एक सूक्ष्म स्पंदन असतं म्हणे. ते विस्कटलं की डॉक्टर लोक त्याला भोक म्हणतात, झडप म्हणतात, काहीही म्हणतात, आणि सुरी काढतात. महाराज फक्त स्पंदन जुळवतात. रेडिओचं स्टेशन जुळवावं तसं.

भाग्यश्री रांगेत बसून हे ऐकत होती. तिच्या मांडीवर अकरा दिवसांचा मुलगा होता. नाव अजून ठेवलं नव्हतं, सगळे त्याला सोनूच म्हणत. त्याचे ओठ जांभळाच्या सालीसारखे दिसत होते. एका बाजूला तिचा नवरा अभिनव, दुसऱ्या बाजूला सासूबाई सुशीलाबाई. पुढे धरणापलीकडच्या एका गावाहून आलेल्या वेणूबाई बसल्या होत्या. त्यांच्या कुशीत तीन महिन्यांची नात होती, पण ती महिन्याभराचीच वाटत होती.

"काळजात भोक हाय म्हनत्यात," वेणूबाई म्हणाल्या. "तिची आई आजारी पडलीया, म्हनून मी आले. तुमच्या पोराला काय हाय?"

भाग्यश्रीने दुपटं जरा बाजूला करून सोनूचे ओठ दाखवले. 

वेणूबाईंचा नंबर लागला. चिमटा नातीच्या पायाला लागला, यंत्रावर ठळक आकडा उमटला, आणि महाराजांनी तो वाचला, "अठ्ठ्याऐंशी." मग त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं, अंगावर भगवी रेशमी शाल पांघरली, आपला उजवा हात शालीखाली घालून तिचं पाऊल धरलं आणि डोळे मिटले. यंत्रावरचा आकडा नाहीसा झाला, तिथे नुसत्या दोन आडव्या रेघा आल्या.  आठ-दहा सेकंदांनी यंत्र पुन्हा टुकटुक करू लागलं आणि आकडा आला, शहाण्णव. बायकांनी हात जोडले. वेणूबाई तिथेच खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

सोनूची पाळी आली तेव्हा आधी एकोणऐंशी आले. मग शाल, मग रेघा, मग सत्त्याण्णव. अभिनवने खिशातून मोबाईल काढला आणि यंत्राचा फोटो घेतला.

"एकवीस दिवस," महाराज म्हणाले. "तीन रविवार इथे यायचं. तोवर डॉक्टर नाही, यंत्र नाही, सुई नाही. जुळलेलं स्पंदन लोखंडाच्या स्पर्शाने विस्कटतं. एकविसाव्या दिवशी बाळ पूर्ण बरं. माझा शब्द आहे."

भाग्यश्रीने अकरा दिवसांत पहिल्यांदाच कोणाच्या तोंडून 'पूर्ण बरं' हे शब्द ऐकले होते. तिने वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

आता ती तिथे कशी पोचली, ते सांगायला हवं.

अभिनव आणि भाग्यश्री मूळचे अमरावतीकडचे. तो हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या हेच त्याचं काम, आणि त्यात तो तरबेज होता. कर्वेनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट, नवीन पाळणा, सुशीलाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन महिनाभर आधीच आलेल्या. मूल झालं, आणि दुसऱ्याच दिवशी नर्सने त्याची नखं बघून डॉक्टरांना बोलावलं. त्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं.

तिथे मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर होत्या मंदाकिनी केतकर. जन्म कसबा पेठेतला, आणि जीभही तिथलीच. त्यांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. "हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. तुमच्या मुलाच्या अदलाबदल झाल्यात. शुद्ध रक्त फुप्फुसातून येतं आणि परत तिथेच जातं. अंगाला मिळतं ते निळंच रक्त. आम्ही मांडीच्या शिरेतून फुगा घालून हृदयाच्या दोन कप्प्यांमधलं भोक मोठं केलंय, म्हणून थोडं शुद्ध रक्त मिसळतंय आणि तो जगतोय. ही तात्पुरती सोय आहे. दोन्ही नळ्या कापून जागच्या जागी शिवाव्या लागतील, आणि तेही तीन आठवड्यांच्या आत. नंतर डाव्या कप्प्याची जोर लावायची सवय मोडते, मग ऑपरेशन झेपत नाही."

"तो वाचेल ना?" भाग्यश्रीने विचारलं.

"दहा मुलांतली नऊ वाचतात."

भाग्यश्रीला त्यातलं एकच मूल ऐकू आलं. दहावं.

ऑपरेशनची तारीख ठरली सोमवार, म्हणजे नेमका बारावा दिवस. सुशीलाबाईंनी ते ऐकलं आणि बोटांवर दिवस मोजले. "व माय. बारशाच्या दिवशी लेकराची छाती फाडतेत का कोनी?" सोसायटीतल्या एका बाईने त्यांना खडकवासल्याचा पत्ता दिला. महाराज यंत्र लावून दाखवतात, फसवाफसवी नाही. अभिनव आधी चिडला. मग त्याने रात्रंदिवस इंटरनेटवर त्या ऑपरेशनबद्दल वाचलं, आणि जितकं वाचलं तितका त्याचा धीर सुटत गेला. शनिवारी तो म्हणाला, "यंत्र आहे ना, मग बघायला काय हरकत आहे? आकडा तर खोटं बोलणार नाही."

रविवारी मंदाकिनीबाई सुट्टीवर होत्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टराने परोपरीने समजावलं, शेवटी कागद पुढे केला. 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत.' अभिनवने सही केली.

सोमवारी घरी बारसं झालं नाही, पण ऑपरेशनही झालं नाही. सुशीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हॉस्पिटलातून फोन येत राहिले. अभिनवने दोन घेतले आणि मग घेणं सोडलं.

मंगळवारी भाग्यश्रीने सोनूची नखं उजेडात धरून पाहिली. "अहो, नखं अजून तशीच आहेत."

अभिनवने मोबाईल काढून फोटो दाखवला. "सत्त्याण्णव आहे. शंभरात सत्त्याण्णव. रंग हळूहळू बदलेल." तो दर तासाला तो फोटो बघत होता. भाग्यश्रीला कळत होतं की हा आपल्याला नाही, स्वतःलाच दाखवतोय. तरी तिने विश्वास ठेवला. न ठेवून काय करणार होती? न ठेवला तर उरत होतं ते दहावं मूल.

बुधवारी सकाळी सोनू दूध प्यायला लागला आणि चार घोटांत थांबला. कपाळावर घामाचे थेंब आले. चौदा दिवसांचं मूल दूध पिताना कष्टकऱ्यासारखं घामाघूम झालेलं तिने पाहिलं, आणि ती उठली. त्याचा रंग आता निळाही नव्हता, राखेसारखा झाला होता. "रिक्षा आणा," ती अभिनवला म्हणाली. सुशीलाबाई म्हणाल्या, "पोरी, एकवीस दिवस..." भाग्यश्रीने त्यांच्याकडे बघितलं फक्त. सुशीलाबाईंनी सोनूचं दुपटं पुढे केलं.

हॉस्पिटलात पहिले दोन तास मंदाकिनीबाई सोनूपाशीच होत्या. सोनूला ऑक्सिजन, सलाईन, इंजेक्शनं. रंग थोडा परतला तेव्हा त्या बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"कुठे गेला होतात?"

अभिनवने सगळं सांगितलं. आणि मग, एवढं होऊनही, त्याने मोबाईल पुढे केला. "पण मॅडम, यंत्रावर सत्त्याण्णव आले होते. मी स्वतः पाहिले."

मंदाकिनीबाईंनी फोटो निरखला. "वरचा आकडा तुम्ही वाचलात. खालचा?"

मोठ्या आकड्याखाली बारीक हिरव्या अक्षरांत आणखी एक आकडा होता. "चौऱ्याहत्तर," अभिनव म्हणाला.

"तो कसला असतो?"

"नाडीचा. मिनिटाला ठोके."

"आत चला."

सोनूच्या उशाशी तसंच यंत्र होतं, घाईघाईने टुकटुकटुक करणारं. खालचा आकडा एकशे बासष्ट. "आज दमलाय म्हणून जास्त आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "एरवी त्याचे एकशे चाळीस-पन्नास असतात. सगळ्या तान्ह्या मुलांचे त्याच्या आसपास. मिनिटाला चौऱ्याहत्तर ठोके पडणारं तान्हं मूल मी पाहिलंय. ते बाबाच्या मांडीवर नसतं, आमच्या हाताखाली असतं आणि आम्ही त्याची छाती दाबत असतो. चौऱ्याहत्तर ठोके आणि सत्त्याण्णव टक्के, हे एखाद्या धडधाकट, निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय आहे. त्या खोलीत इतकं निवांत कोण होतं?"

 मंदाकिनीबाईंनी कोपऱ्यातलं दुसरं यंत्र चालू केलं आणि त्याचा चिमटा सोनूच्या पायाला लावला. अठ्ठ्याहत्तर. मग तो काढून अभिनवच्या बोटाला लावला. मध्ये दोन रेघा आल्या. आठ सेकंदांनी आकडा आला, सत्त्याण्णव.

"घ्या. मीही महाराज झाले," त्या म्हणाल्या. "मला शालसुद्धा लागली नाही."

अभिनव त्या चिमट्याकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन म्हणाला, "माझं कामच हे आहे. चुका शोधायचं."

"तुम्ही घाबरला होतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "घाबरलेला माणूस हवा तेवढाच आकडा वाचतो. आता ऐका. ऑपरेशन परवा करू. पण हे दिवस फुकट गेलेत आणि तो दमलाय. आता दहातली आठ."

शुक्रवारी, सोळाव्या दिवशी, सोनूला सकाळी साडेसातला आत नेलं आणि अडीचला बाहेर आणलं. नळ्या जागच्या जागी शिवल्या गेल्या होत्या. पण हृदयाला सूज होती, म्हणून छाती बंद केली नव्हती. वर नुसता पातळ पापुद्रा. काचेपलीकडून भाग्यश्रीला त्याच्याखाली काहीतरी हललेलं दिसलं. बोराएवढं. ते तिच्या मुलाचं काळीज होतं. ती मागे सरली नाही, बघत राहिली. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस तास काही विचारू नका. मलाही माहीत नाही."

रविवारी सकाळी दहा मिनिटं आत सोडलं. पुन्हा संध्याकाळी पाचला सोडणार होते. बाहेरच्या बाकावर बसल्या-बसल्या भाग्यश्री एकदम म्हणाली, "आज वेणूबाई तिथे असतील."

"कोण?" अभिनवने विचारलं.

"त्यांच्या नातीच्या काळजात भोक आहे. त्यांनाही एकवीस दिवस सांगितलेत. तुम्ही इथे थांबा, मी जाऊन येते."

"तुझी अवस्था बघ. अठरा दिवसांची बाळंतीण तू."

"पाचपर्यंत हे दार उघडणार नाही. इथे बसून मी काय करू?"

सुशीलाबाईंनी गेले चार दिवस जेवण सोडलं होतं.  त्या उठल्या, भाग्यश्रीच्या कानांवरून रुमाल घट्ट बांधला आणि म्हणाल्या, "मी बी येतो. मीच नेलं होतं तिथं."

कार्यालयात तीच गर्दी, तोच ध्वनिवर्धक, तेच रेडिओचं स्टेशन. दोघी पोचल्या तेव्हा वेणूबाई व्यासपीठावरच होत्या. नात महाराजांच्या मांडीवर, भगव्या शालीखाली. पहिला आकडा होता चौऱ्याऐंशी, म्हणजे गेल्या रविवारपेक्षा कमी. महाराजांनी त्याचं कारणही दिलं होतं, घरात कोणाची तरी श्रद्धा कमी पडली असणार. आता यंत्रावर शहाण्णव होते आणि ते सावकाश बोलत होतं. टुक. टुक. टुक.

भाग्यश्री सिझेरियनच्या टाक्यांवर हात दाबून पायऱ्या चढली. महाराजांनी तिला ओळखलं. "या माते. बाळ कुठे आहे?"

ती वेणूबाईंकडे वळली. "वेणूबाई, मला ओळखलंत? तुमचा हात नातीच्या छातीवर ठेवा."

"मध्ये बोलू नका," महाराज म्हणाले. "स्पंदन विस्कटेल."

"आजीचा हात आहे, लोखंड नाही. वेणूबाई, ठेवा. आणि यंत्राचा आवाज ऐका. दोन्ही जुळतंय का, एवढंच सांगा."

वेणूबाई गोंधळल्या. पण आजीला नातीच्या छातीवर हात ठेवायला कोणाची परवानगी लागते? त्यांनी शालीवरूनच तळवा टेकवला. क्षणभर थांबल्या. मान वाकडी करून यंत्राकडे बघितलं. ध्वनिवर्धक चालूच होता, त्यामुळे त्यांचा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला.

"माझ्या हाताखाली तर पळतंय. पाखरागत. आन् ह्ये यंत्र असं दमादमानं कसं बोलतंय?"

"कारण ते दुसऱ्याच कोणाचं काळीज मोजतंय," भाग्यश्री म्हणाली.

महाराजांचा उजवा हात शालीखाली हलला, पण सुशीलाबाई त्याच्या आधी हलल्या. त्यांनी शालीचं टोक धरलं आणि ती बाजूला ओढली. मुलीचा पाय उघडा होता, मोकळा. चिमटा महाराजांच्या मधल्या बोटाला होता. यंत्र बिचारं प्रामाणिकपणे त्यांचे ठोके मोजत होतं, आणि आता ते वाढत चालले होते. ऐंशी. ब्याण्णव. एकशे चार.

महाराज मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी बोट उंच धरलं. "होय," ते शांतपणे म्हणाले, "बाळाची पीडा मी माझ्या देहावर ओढून घेतो. त्यासाठी यंत्र माझ्या अंगाला जोडावं लागतं. तुम्हाला हे आज कळलं."

आणि खरंच, पुढच्या रांगेतल्या चार-पाच बायकांनी हात जोडले. भाग्यश्री वळून सुशीलाबाईंकडे बघू लागली. 

"पीडा वढून घेतली?" सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "मंग तुमचा आकडा घटाले पाहिजे होता, महाराज. लेकराची बिमारी तुमच्या अंगात आली, तर तुमचे शहाण्णव कसे राह्यले? अन् त्या पोरीचे वाढले असतीन, तर लावा ना आता चिमटा तिच्या पायाले. सगळ्यांच्या समोर. शाल नोको."

 मागून एक माणूस म्हणाला, "लावा." मग आणखी दोघे. महाराजांनी चिमटा लावला नाही. तो भाग्यश्रीने लावला. रेघा आल्या, मग आकडा. त्र्याऐंशी. खाली एकशे अठ्ठावन्न.

वेणूबाईंनी नातीला उचललं आणि विचारलं, "हॉस्पिटल कुनीकडं हाय, बाय?"

पोलिसांत तक्रार झाली. महाराज पूर्वी दवाखान्यांना हीच यंत्रं विकत असत, हे तेव्हा कळलं. असल्या फसवणुकीला तेव्हा वेगळा कायदा नव्हता. ते सुटले आणि गाव सोडून गेले. सोनूची छाती सोमवारी बंद केली, गुरुवारी त्याच्या तोंडातली नळी निघाली, आणि एकतिसाव्या दिवशी तो घरी आला, गुलाबी ओठांचा आणि चिडका. वेणूबाईंच्या नातीला आधी न्यूमोनिया निघाला. तो बरा व्हायला तीन आठवडे लागले, मग ऑपरेशन झालं. तीही वाचली. अभिनवने तो फोटो मोठा करून छापला, खालच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं, आणि दोन रविवार त्या कार्यालयाच्या फाटकाशी उभा राहून, अजूनही येणाऱ्या भक्तांना वाटला. त्यावरून तीन कुटुंबं मंदाकिनीबाईंकडे आली. पहिल्या रविवारी भाग्यश्रीने रांगेत चाळीसच्या वर मुलं मोजली होती. बाकीच्यांचं काय झालं, ते तिला कधीच कळलं नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण ती बाकीची मुलं आहेत. मंदाकिनीबाईंनी खरं सांगितलं, दहातलं एक जातं. ते ऐकून माणसं पळाली. महाराजांनी खोटं सांगितलं, एकही जात नाही. त्यांच्या पायावर माणसांनी डोकी ठेवली. मूल आजारी असताना आईबापांची अक्कल काढण्यात अर्थ नाही. भीतीपुढे इंजिनियरही टिकत नाही. म्हणून ठरवायचं ते आधीच, घरात सगळं ठीक असतानाच ठरवून ठेवावं. जो उपचारात धोका सांगतो, त्याला आणखी चार प्रश्न विचारावेत. जो धोकाच नाही म्हणतो, त्याला चाळीस विचारावेत. आणि जो प्रश्नच विचारू देत नाही, त्याच्या मांडीवरून आपलं मूल उचलावं आणि सरळ चालू लागावं.